सात भागिले दोन किती? पायथनच्या एका तपाची गोष्ट

सोप्या प्रश्नाने सुरुवात करू. ७ भागिले २ किती?

तुम्ही म्हणाल साडेतीन. दहा वर्षांपूर्वी एखाद्या प्रयोगशाळेतल्या संगणकाला पायथनमध्ये हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर बहुतेक ३ आलं असतं. आजच्या लॅपटॉपला विचारा, ३.५ येईल. भाषा तीच, ओळही अक्षरन् अक्षर तीच. मधल्या काळात आवृत्ती बदलली, एवढंच.

ह्या अर्ध्याने मला माझ्या पीएचडीत एक चुकीचा निष्कर्ष जवळजवळ लिहायला लावला होता. म्हणून आजचा लेख पायथन २ आणि पायथन ३ ह्यांच्या इतिहासावर आहे. तुमच्यापैकी बरेच जण सेट-नेट किंवा पेटची तयारी करताहेत, काहींचं कोर्सवर्क चालू आहे. संशोधन पद्धतीच्या पेपरात हा विषय सहसा येत नाही. पण पहिल्याच वर्षी कोणीतरी तुमच्या हातात जुनी स्क्रिप्ट ठेवतं आणि म्हणतं, 'ही चालव, सगळं झालेलं आहे.' तेव्हा हा इतिहास कामाला येतो.

आधी माझी गोष्ट

आमचं घर निघोज्यात. गावाच्या आजूबाजूला सगळी एमआयडीसी, रात्रंदिवस कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस. माझं काम हवेतल्या धूलिकणांवर आहे. आमचं यंत्र दर मिनिटाला एक आकडा देतं: साठ सेकंदांत किती कण मोजले. हा आकडा नेहमी पूर्णांक असतो, कारण अर्धा कण मोजला जात नाही. स्क्रिप्ट त्याला ६०ने भागते आणि दर सेकंदाचा दर काढते. पुढचं सगळं त्या दरावर उभं.

२०१९च्या हिवाळ्यातली मोजणी आमच्या एका सीनियरने केली होती. त्याने कच्चा डेटा, स्क्रिप्ट आणि निकालांची तयार फाइल, तिन्ही नीट जपून ठेवलं होतं. (असे सीनियर सगळ्यांना मिळोत.) मी नव्या हिवाळ्याची मोजणी केली, तीच स्क्रिप्ट माझ्या नव्या लॅपटॉपवर चालवली. सुरुवातीला ती अडली. 'प्रिंट'पुढे कंस नाहीत म्हणून पायथनने तक्रार केली. मी कंस घातले, स्क्रिप्ट चालली, आणि मला वाटलं झालं काम.

मग दोन हिवाळ्यांची तुलना केली. धूळ सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली! आपल्या पट्ट्यात हे कोणालाही पटेल असंच. मी परिच्छेद लिहायलाही घेतला.

वाढ झाली होती ती भागाकारात. सीनियरने काम केलं त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर पायथन २ होतं. तिथे पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश भाग गळून जायचा. मिनिटाला ११९ कण असतील तर ११९ भागिले ६० म्हणजे १.९८, पण मशीन लिहायचं १. मिनिटाला ५९ कण असतील तर सरळ ० लिहायचं. असं हजारो ओळींत झालं की सरासरी सेकंदाला अर्धा कण हरवतो. खरा दर ३च्या आसपास असेल तर जुन्या मशीनवर तो अडीच दिसणार. अडीचचे तीन झाले, म्हणजे २० टक्के वाढ. कागदावरची वाढ, हवेतली नव्हे.

चूक कशी सापडली ते शेवटी सांगते. त्याआधी मुळात असा बदल भाषेत का केला गेला, ते पाहू.

१९९१ साल, दोन जन्म

पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती, ०.९.०, फेब्रुवारी १९९१मध्ये नेदरलँड्सच्या गीदो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणारं ते मानक. म्हणजे पायथन युनिकोडपेक्षा काही महिन्यांनी मोठं. पुढच्या भांडणाचं मूळ ह्यात आहे.

पायथन जन्मलं तेव्हा संगणकाच्या दृष्टीने मजकूर म्हणजे बाइटांची रांग, आणि इंग्रजीपुरतं एक अक्षर म्हणजे एक बाइट. आपल्याकडे देवनागरीसाठी इस्की नावाचं भारतीय मानक होतं. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे. पण प्रत्यक्षात छापखान्यांत आणि कार्यालयांत फाँटागणिक वेगळी व्यवस्था चालायची. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. तो अनुभव घरात कोणाला ना कोणाला असेलच.

ऑक्टोबर २०००मध्ये आलेल्या पायथन २.०ने युनिकोड मजकुरासाठी वेगळा प्रकार दिला. जुना बाइटांचा प्रकारही ठेवला. दोन्ही एकमेकांत मिसळले तर पायथन स्वतःहून रूपांतर करायचं, आणि ते करताना समोरचा मजकूर साधा इंग्रजी आहे असं धरून चालायचं. इंग्रजी लिहिणाऱ्याला ह्यात काहीच खटकायचं नाही. आपण मराठी घातलं की मात्र स्क्रिप्ट कोसळायची. 'बाइट ०एक्सई० वाचता येत नाही' असा संदेश यायचा. हे ०एक्सई० नेहमीचंच, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो. त्या काळात मराठी डेटा हाताळणाऱ्याची ह्या बाइटाशी गाठ पडल्याशिवाय राहत नसे.

आमच्या गावाचं नाव घ्या: निघोजे. पायथन २ला साध्या अवतरणचिन्हांत हे नाव देऊन लांबी विचारली, तर यूटीएफ-८ मशीनवर उत्तर यायचं १८. पायथन ३ म्हणतं ६. आणि आपण बोटावर मोजले तर 'नि', 'घो', 'जे' अशी अक्षरं ३.

तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. १८ हे बाइट. ६ हे युनिकोडमधले घटक: न, ह्रस्व इकार, घ, ओकार, ज, एकार. प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात, म्हणून सहा त्रिक अठरा. आणि ३ ही आपली अक्षरं. पायथन ३ने १८वरून ६वर आणलं, ३वर अजूनही आणलेलं नाही. नावातला पहिला घटक मागितला तर पायथन ३ 'नि' देत नाही, नुसता 'न' देतं. पण निदान अक्षर मधेच बाइटावर तुटत नाही, आणि बाइट वेगळे, मजकूर वेगळा हा भेद भाषेत स्पष्ट झाला.

हा भेद करायचा तर जुन्या स्क्रिप्ट मोडणार हे उघड होतं. पायथनच्या मंडळींनी ठरवलं की मोडायचंच आहे तर बाकीच्या जुन्या चुकाही एकदाच दुरुस्त करू. भागाकार त्यातलाच. त्यावरचा प्रस्ताव २००१मधला, आणि पायथन २.२पासून स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ घालून नवा भागाकार मागता येत होता. पण न मागितला तर जुनाच मिळायचा, आणि जो प्रश्न माहीतच नाही त्याचं उत्तर कोण मागणार?

एक तप

पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ला. पायथन २ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, आली २० एप्रिल २०२०ला. मधली जवळजवळ बारा वर्षं, म्हणजे आपल्या भाषेत एक तप, दोन पायथन शेजारी शेजारी नांदत होते.

सुरुवातीला बेत इतका लांबचा नव्हता. दोनाचं तीन करून देणारं भाषांतराचं साधन भाषेसोबतच दिलं होतं. लोक ते चालवतील आणि पुढे जातील असा अंदाज होता. तसं घडलं नाही, कारण कोणाचीच स्क्रिप्ट एकटी उभी नसते. तुमची स्क्रिप्ट आलेख काढायला मॅटप्लॉटलिब वापरते, मॅटप्लॉटलिब नमपायवर उभं आहे, नमपाय सी भाषेतल्या कोडवर. खालची पायरी हलल्याशिवाय वरची हलू शकत नाही. नमपायला पायथन ३ जमलं २०१०मध्ये, सायपायला २०११मध्ये, मॅटप्लॉटलिबला २०१२च्या अखेरीस. म्हणजे भाषा आल्यावर चार वर्षं विज्ञानातल्या माणसाला तिच्यावर साधा आलेख काढणंही अवघड होतं. तोवर तो पायथन २वरच लिहीत राहिला, आणि त्याचे विद्यार्थी त्याच्याच स्क्रिप्ट चालवत राहिले.

भाषेनेही थोडं नमतं घेतलं. २०१२च्या पायथन ३.३मध्ये युनिकोड मजकुरापुढे लिहायचं जुनं चिन्ह पुन्हा चालू केलं. त्याला नव्या भाषेत काही अर्थ नव्हता, पण एकच कोड दोन्हीकडे चालावा ही सोय झाली. पायथन २.७चा पाठिंबा आधी २०१५पर्यंत होता. २०१४मध्ये तो २०२०पर्यंत वाढवला. मग एकेका प्रकल्पाने जुन्याची साथ सोडली. नमपायची १.१६ ही पायथन २ला चालणारी शेवटची आवृत्ती, जानेवारी २०१९ची.

मुदत वाढवणं ही ढिलाई होती की शहाणपण, ह्यावर अजून वाद होतात. मला दोन्ही बाजू पटतात. मुदत नसती वाढवली तर कितीतरी प्रयोगशाळा मधेच अडकल्या असत्या. वाढवली, म्हणून आमच्या विभागातल्या जुन्या मशीनवर २०१९मध्येही पायथन २ बिनधास्त चालत होतं.

पायथन कोणाचं? तुमचं की मशीनचं?

आता ह्या गोष्टीतलं दुसरं पात्र, ऑपरेटिंग सिस्टिम.

नवखा विद्यार्थी समजतो की संगणकावरचं पायथन आपल्यासाठी ठेवलेलं आहे. लिनक्सवर तसं नसतं. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची बरीच कामं पायथनमध्ये लिहिलेली असतात. आपल्याकडे विद्यापीठांत आणि संस्थांत वर्षानुवर्षं चाललेली सेंटओएस घ्या. सेंटओएस ६वर पायथन २.६ होतं, ७वर २.७. त्यावर सॉफ्टवेअर बसवण्याचं साधन यम, आणि यम स्वतः पायथन २मध्ये लिहिलेलं. एखाद्याने उत्साहात 'पायथन' ह्या नावाचा दुवा नव्या आवृत्तीकडे वळवला, की यम पहिल्याच ओळींत व्याकरणाची चूक दाखवून बंद. आणि यम बंद म्हणजे दुरुस्तीसाठी काही बसवायची वाटही बंद. ज्या फांदीवर बसलो तीच तोडली.

मी हे उबंटूवर केलेलं आहे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी विभागातल्या सगळ्यांच्या मशीनवर मला नवी आवृत्ती हवी होती. इंटरनेटवर सापडलेल्या दोन ओळी टाकल्या, 'पायथन ३' हे नाव नव्या आवृत्तीला जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचंही टर्मिनल उघडेना. त्या उबंटूत टर्मिनल उघडणारी छोटी स्क्रिप्टही पायथनचीच होती, आणि तिला लागणारा भाग फक्त सिस्टिमच्या मूळ आवृत्तीसाठी बांधलेला. चार जणांचा अर्धा दिवस गेला. मी सगळ्यांना चहा पाजला आणि महिनाभर टोमणे ऐकले.

हा गोंधळ फक्त माझ्यासारख्यांनी घातलेला नाही. 'पायथन' असं नुसतं म्हटलं तर २ समजायचं की ३, ह्यावर लिनक्सच्या घराघरांत एकमत नव्हतं. आर्च लिनक्सने २०१०मध्येच नुसत्या पायथनचा अर्थ ३ केला. बाकीचे बरीच वर्षं २वर राहिले. २०१९मध्ये आलेल्या रेड हॅट ८ने वेगळा मार्ग काढला: सिस्टिमच्या कामांसाठी एक वेगळं पायथन बाजूला ठेवलं आणि नुसतं 'पायथन' हे नाव सुरुवातीला कोणालाच दिलं नाही. ॲपलने मार्च २०२२मध्ये मॅकओएस १२.३मधून पायथन २.७ काढून टाकलं. २०२३च्या डेबियन १२पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही बसवायला गेलात तर ती सरळ नकार देते आणि सांगते, हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातंय, तुमचं वेगळं करा.

विद्यार्थी ह्या नकारावर चिडतात आणि तो मोडून काढणारा पर्याय शोधतात. मोडू नका. तो नकार वीस वर्षांच्या पडझडीनंतर लिहिलेला आहे.

खोडदची दुर्बीण

निघोज्याहून नाशिक रस्त्याला लागलं, चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकलं की नारायणगाव येतं. तिथून पूर्वेला वळलं की खोडद. इथे जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, टीआयएफआरच्या पुण्यातल्या एनसीआरए संस्थेची. बाहेरच्या संशोधकांसाठी ती २००२पासून खुली आहे.

माझा विषय खगोलशास्त्र नाही. तरी इथे थांबते, कारण आवृत्तीचा प्रश्न इथे जितका स्वच्छ दिसतो तितका माझ्या धुळीत दिसत नाही. तबकड्या पंचवीस वर्षं टिकतात, निरीक्षणं संग्रहात त्याहून जास्त टिकतील. पायथनची एक आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. आणि कच्चं निरीक्षण म्हणजे आकाशाचं चित्र नव्हे. चित्र सॉफ्टवेअरमधून तयार होतं.

ह्या सॉफ्टवेअरचे थर पाहा. एप्स नावाची प्रणाली १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सुरू झाली, फोरट्रान भाषेत. पुढे ती पायथनमधून चालवता यावी म्हणून पार्सलटंग नावाचा दुवा लिहिला गेला. (हॅरी पॉटरमधली सापांची भाषा. पायथनवाल्यांचा विनोद.) नेदरलँड्सचे हुइब इन्टेमा यांनी त्यावर स्पॅम ही कार्यप्रणाली उभी केली, पायथन २च्या काळात. जीएमआरटीने २०१० ते २०१२मध्ये १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं सर्वेक्षण केलं होतं. तोच जुना डेटा इन्टेमा आणि सहकाऱ्यांनी स्पॅममधून पुन्हा काढला आणि २०१७मध्ये सुमारे ९० टक्के आकाशाची यादी प्रसिद्ध केली, त्यात ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोत. निरीक्षणं जुनीच होती, कस लावला तो नव्या पद्धतीने.

दुसरा रस्ता कासा नावाच्या प्रणालीचा. तिची पाचवी मालिका पायथन २.७वर होती, सहावी पायथन ३वर आली, तीही २०२०च्या आसपास, म्हणजे जुन्याची मुदत संपत असतानाच. एनसीआरएतल्या रुता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी अद्ययावत जीएमआरटीसाठी कासावर कॅप्चर नावाची कार्यप्रणाली लिहिली. तिच्यावरचा शोधनिबंध २०२१चा. पाया बदलला की वरचं घरही पुन्हा बांधावं लागतं, तशी पुढे कासा ६साठी तिची वेगळी आवृत्ती निघाली.

प्रिंटला कंस लावणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. दुसरी स्क्रिप्ट चालवायची 'एक्झेकफाइल' ही आज्ञा पायथन ३मधून गेली, ती मागेपुढे शोधावी लागते. आणि खरं काम ह्या सगळ्यानंतर सुरू होतं: तेच जुनं निरीक्षण नव्यातून काढायचं आणि तोच स्रोत तितकाच तेजस्वी येतो का ते बघायचं.

ओरडणारी चूक आणि गप्प चूक

इथे मुख्य मुद्दा येतो. आवृत्ती बदलल्यावर दोन प्रकारचे बदल होतात.

पहिला प्रकार ओरडतो. प्रिंटचे कंस, एक्झेकफाइल, बाइट ०एक्सई०. स्क्रिप्ट थांबते, लाल अक्षरं येतात, तुम्ही वैतागता, पण काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला कळतं. ह्या चुका आपल्या मित्र आहेत.

दुसरा प्रकार गप्प असतो. स्क्रिप्ट चालते, आकडा येतो, फक्त तो वेगळा असतो. ७ भागिले २ हा त्यातलाच. आणखी एक घ्या: २.५ जवळच्या पूर्णांकात करायला सांगा. पायथन २ म्हणायचं ३, शाळेत शिकवतात तसं. पायथन ३ म्हणतं २, कारण बरोबर मधल्या आकड्याला ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. सांख्यिकीच्या दृष्टीने त्याला कारण आहे. पण तुम्ही कुठे सीमेवरचे आकडे गोल करत असाल तर निकाल हलेल, आणि कोणी सांगणार नाही.

गप्प चुकीला आवृत्तीच बदलायला हवी असंही नाही, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी पुरतं. रसायनशास्त्रातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१४मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये एका पद्धतीसोबत पायथनच्या स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या, आणि पुढे त्या इतर संशोधकांनीही वापरल्या. २०१९मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तर वेगळं येतं. कारण क्षुल्लक होतं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची आणि ती ठराविक क्रमाने येईल असं गृहीत धरायची. पायथनने तसा शब्द कधी दिलाच नव्हता. क्रम ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर होता. उपाय म्हणजे यादी आधी क्रमाने लावून घेणं, एका शब्दाची दुरुस्ती. लिहिणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असं मला वाटत नाही. त्यांच्या मशीनवर ती बरोबरच चालत होती. माझ्या सीनियरचंही तेच.

पहिला पीस

आता माझी चूक कशी सापडली ते.

माझे मामा चाकणला एका वर्कशॉपमध्ये वीएमसी चालवतात. एका रविवारी जेवताना मी कौतुकाने सांगितलं, बघा मामा, चार-पाच वर्षांत धूळ वीस टक्क्यांनी वाढली. मामांनी विचारलं, 'मशीन तेच का?'

म्हटलं, मोजायचं यंत्र तेच, हिशेबाचा कॉम्प्युटर नवा आहे.

'मग जुना जॉब नव्यावर लावून बघितलास का?'

मी गप्प.

'अगं, आमच्याकडे कंट्रोलर बदलला, नुसतं सेटिंग बदललं, तरी सरळ लॉट लावत नाहीत. आधी एक पीस काढायचा. माप माहितीये असा. क्वालिटीवाला ओके म्हणला की मग लाइन सोडायची. नाहीतर पाचशे पीस रिजेक्ट, आणि बोलणी कोण खाणार?'

त्या रात्री मी २०१९चा कच्चा डेटा नव्या लॅपटॉपवर चालवला. २०१९ची धूळही तितकीच वाढली. म्हणजे वाढ हवेत नव्हती. मग एकच मिनिट घेतलं, ११९ कणांचं, आणि कागदावर भागाकार केला. १.९८. सीनियरच्या फाइलीत १ होता. तिथे सगळं उलगडलं.

आपण संशोधक मंडळी उपकरणाचं कॅलिब्रेशन करतो, प्रबंधात त्याचा मेक आणि मॉडेल लिहितो, पण ज्या पायथनने आकडा काढला त्याची आवृत्ती लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पायथन आणि त्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम हेही उपकरणच आहे. ते बदललं की पहिला पीस काढायचा.

तुमच्यासाठी, अगदी व्यवहाराचं:

१. प्रयोगवहीत तारखेसोबत पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती लिहा. 'पिप फ्रीझ'ने येणारी यादी फाइल करून डेटाशेजारी ठेवा.

२. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं वातावरण करा, व्हेनव असो की कोंडा. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका, विभागाच्या मशीनवर तर मुळीच नको.

३. कच्चा डेटा कधीही बदलू नका, टाकू नका. सीनियरने तो ठेवला नसता तर माझी चूक कधीच सापडली नसती.

४. छोटा नमुना बनवा, दहा ओळींचा, ज्याचं उत्तर तुम्ही हाताने काढलंय. त्यात ५९सारखे अडचणीचे आकडे मुद्दाम घाला. हा तुमचा पहिला पीस.

५. मशीन, आवृत्ती किंवा लायब्ररी बदलली की आधी नमुना, मग जुना डेटा, आणि दोन्ही जुळले तरच नवा डेटा. जुळले नाहीत तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

६. पिवळ्या अक्षरांतल्या सूचना वाचा. 'हे पुढे काढलं जाईल' असं भाषा आधी सांगते. ऑक्टोबर २०२३च्या पायथन ३.१२मधून डिस्टयुटिल्स गेलं, जून २०२४मध्ये नमपाय २.० आलं. दोन्ही वेळा आधी सूचना होत्या, दोन्ही वेळा जुन्या स्क्रिप्ट मोडल्या. तप संपलं तरी गोष्ट चालूच आहे.

राहिला माझा निकाल. दोन्ही हिवाळे एकाच वातावरणात पुन्हा काढले. वीस टक्के वाढ नाहीशी झाली. उरला तो फरक मोजणीतल्या नेहमीच्या चढउतारात बसतो. सीनियरला फोन केला. मला भीती होती की तो दुखावेल. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'माझ्या रिपोर्टमधले आकडे दुरुस्त करून पाठव, मी सरांना सांगतो.' त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलंही. प्रबंधात आता ह्यावर एक पान आहे, पद्धतीच्या प्रकरणात.

मामांना सांगितलं की वाढ-बिढ काही नाही, भागाकार चुकला होता. ते म्हणाले, 'धूळ तर आहेच की गं.' आहेच. किती आहे ते आता नीट मोजते.